टाळी कुठे, शांतता कुठे आणि हुर्यो का नाही: ड्रम कोर स्पर्धेच्या प्रेक्षकांसाठी

ड्रम कोर म्हणजे मैदानावर कवायत करत वाजवणारं फुंकवाद्यांचं आणि तालवाद्यांचं पथक. अमेरिकेतल्या ड्रम कोर स्पर्धेला पहिल्यांदा जाणाऱ्याला एक आवाज हमखास चकवतो. ओहायो राज्यातल्या कँटनचं ‘ब्लूकोट्स’ पथक मैदानात उतरलं की स्टेडियमभर लांबलचक ‘ऊऽऽऽ’ घुमतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, लोक हुर्यो उडवताहेत. तसं नसतं. चाहते ‘ब्लूऽऽऽ’ म्हणत असतात, ते त्यांचं कौतुक असतं. २०१६ आणि २०२४ मध्ये हे पथक जगज्जेतं ठरलं तेव्हाही हाच घोष होता. तेव्हा शेजाऱ्याला दटावू नका, आणि ‘सगळेच करताहेत’ असं समजून खरी हुर्योही सुरू करू नका. शंका आली तर ओरडणाऱ्यांकडे बघा: उभे राहून, हात उंचावून, हसऱ्या चेहऱ्याने ओरडणारी माणसं नाराज नसतात.

खरी हुर्यो मात्र अधूनमधून होते, आणि ती थांबायला हवी. पण आधी टाळीचं बोलू. प्रेक्षकांच्या बहुतेक चुका वाईट हेतूने होत नाहीत, टाळीची जागा माहीत नसल्याने होतात.

या स्पर्धा भरवणारी ड्रम कोर इंटरनॅशनल ही संस्था १९७१ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली. अंतिम फेरी आता ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते आणि तीत १२ पथकं उतरतात. ब्रास (ट्रंपेटसारखी पितळी फुंकवाद्यं), तालवाद्यं आणि कलर गार्ड (झेंडे, लाकडी रायफली आणि तलवारी फेकत-झेलत नाचणारा गट) मिळून प्रत्येक पथक ८ ते १२ मिनिटांचा एकच कार्यक्रम सादर करतं. अख्खा उन्हाळा त्या बारा मिनिटांसाठी खर्ची पडतो. म्हणून पहिला नियम हालचालीचा: वादन चालू असताना जिन्यावर, रांगेत किंवा कठड्यापाशी ये-जा करू नका. दारावरचे स्वयंसेवक दोन पथकांच्या मधल्या वेळेतच आत सोडतात, तिथे हुज्जत घालू नका. पाणी, खाणं, स्वच्छतागृह, सगळं त्या मधल्या मिनिटांत उरका.

जागा निवडता येत असेल तर मैदानाच्या मध्यरेषेच्या आसपास आणि शक्य तितकं वर बसा. आकृत्या कशा बनतात आणि मोडतात हे वरूनच दिसतं. अगदी पुढच्या रांगेत माणसांचे चेहरे दिसतात, पण आकृती दिसत नाही, आणि ध्वनिवर्धकांतून येणारी पुढची तालवाद्यं बाकी सगळं झाकून टाकतात. लहान मूल बरोबर असेल आणि पुढेच बसायचं असेल, तर त्याच्या कानांसाठी आवाज कमी करणारं साधन न्या.

निवेदक पथकाचं नाव पुकारतो, ड्रम मेजर, म्हणजे पथकाचा संचालक, तयार आहे का ते विचारतो आणि ड्रम मेजर सलामी देतो. सलामीपर्यंत मनसोक्त ओरडा, पथकाचं नाव घ्या. सलामी झाली की पहिल्या सुरापर्यंत पूर्ण शांतता. पुष्कळ कार्यक्रम अगदी हलक्या आवाजात सुरू होतात आणि तेवढ्यात कुणीतरी मारलेली एक आरोळी पहिले आठ मोजके सूर गिळून टाकते.

मध्येच टाळी द्यायची का? जरूर द्यायची. हे शास्त्रीय मैफलीसारखं नाही, इथे कार्यक्रमाच्या मध्ये दाद अपेक्षित असते. एकल वादकाचं वादन संपताना, ढोलताशांचा तुकडा संपताना, सगळी ब्रास एका रांगेत पुढे येऊन पूर्ण ताकदीने वाजवते तेव्हा, किंवा गार्डने एकसाथ उंच फेकलेल्या रायफली एकसाथ झेलल्या की. वाद्यवृंद चढत जात असेल तर चढताना नव्हे, शिखरावर पोचल्यावर ओरडा. संथ भागात शेवटचा सूर विरून जाईपर्यंत थांबा. ज्याला पहिली टाळी देण्याची घाई असते, तो तो विरणारा सूर सगळ्यांकडून हिरावून घेतो.

तालावर टाळ्या मात्र कधीच वाजवू नका, कितीही मोह झाला तरी. याचं कारण शिष्टाचार नाही, भौतिकशास्त्र आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. वादक तुमच्यापासून ३० मीटरवर असेल, तर त्याचा ठोका तुमच्यापर्यंत यायला साधारण ०.०९ सेकंद लागतो आणि तुमची टाळी परत त्याच्यापर्यंत जायला तेवढाच. एकूण जवळपास ०.१७५ सेकंद. लय मिनिटाला १७० ठोक्यांची असेल तर दोन ठोक्यांमधलं अंतर ०.३५ सेकंद. म्हणजे जी टाळी तुम्हाला अगदी ठोक्यावर वाटते, ती वादकाच्या कानावर बरोबर दोन ठोक्यांच्या मध्ये आदळते. वरच्या रांगेतली टाळी आणखी उशिरा पोचते, त्यामुळे एकत्र ऐकू येतो तो नुसता चिखल. अमेरिकन फुटबॉलचं हे मैदान एका टोकाच्या गोलरेषेपासून दुसऱ्या टोकाच्या गोलरेषेपर्यंत ९१ मीटरहून थोडं लांब आहे, त्यामुळे या मुलांना एकमेकांचंच ऐकून लय सांभाळणं आधीच अवघड असतं. पुढे उभे असलेले वादक मागून येणाऱ्या ढोलांकडे कान लावून वाजवतात. प्रेक्षकांच्या टाळ्या नेमका तो धागा तोडतात.

फोनबद्दल थोडक्यात: चित्रीकरण करू नका, संगीताच्या हक्कांमुळे त्याला बंदी असते. फ्लॅश बंद ठेवा. हवेत फिरणारी तलवार झेलणाऱ्या मुलीच्या डोळ्यांवर झोत पडला तर इजा होऊ शकते. भोंगे घरीच राहू द्यात.

काही पडलं, कुणी घसरलं, तर ‘अरेरे’चा सामूहिक सुस्कारा टाकू नका, बोट तर मुळीच दाखवू नका. पडलेली रायफल उचलून ते मूल पुढच्या चार ठोक्यांत ओळीत परत येतं, कारण त्याला तेही शिकवलेलं असतं. तुमचा सुस्कारा मात्र त्याला कार्यक्रम संपेपर्यंत ऐकू येत राहतो.

आता हुर्यो. ती सहसा दोन जागी होते. एक, कार्यक्रम दुर्बोध किंवा फारच नवा वाटला की, आणि दोन, निकाल वाचताना.

पहिल्या जागेचं ठळक उदाहरण १९९३ चं ‘स्टार ऑफ इंडियाना’ पथक. बार्टोक आणि बार्बर या विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या संगीतावरच्या त्यांच्या अमूर्त, टोकदार कार्यक्रमाने प्रेक्षक दुभंगले. मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या अंतिम फेरीत त्यांना ९७.३ गुण मिळाले आणि विजेत्या ‘कॅडेट्स’ना ९७.४. ज्याने कित्येकांना अस्वस्थ केलं, तोच कार्यक्रम आज अभ्यासाचा विषय आहे. कार्यक्रम आवडला नाही हे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण तो रचला कुणी? संगीत निवडणारे, कवायत आखणारे, पोशाख ठरवणारे सगळे शिक्षक आणि रचनाकार. मैदानावर उभी असलेली मुलं कॉलेजच्या वयाची, काही त्याहून लहान, आणि बहुतेक जण तिथे असण्यासाठी पदरचं शुल्क भरून आलेली. हुर्यो पोचते ती त्यांच्यापर्यंत, आणि तीही सावधान स्थितीत, उलट काही बोलता येत नाही अशा वेळी.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. निकाल खालून वर वाचतात. दुसऱ्या क्रमांकाचं नाव घेतलं की पहिला कोण हे सगळ्यांना कळतं, आणि हुर्यो नेमकी तिथे फुटते. ओरडणाऱ्याला वाटतं, आपण परीक्षकांना सुनावलं. प्रत्यक्षात एकूण गुण कुणा एकाने ठरवलेले नसतात. १०० पैकी ४० गुण एकूण परिणामाचे, ३० दृश्य भागाचे, ३० संगीताचे. परिणामाच्या दोन गुणपत्रिका प्रत्येकी २० गुणांच्या. दृश्य आणि संगीत यांच्या तीन-तीन पत्रिका, त्यांची बेरीज निम्मी करून घेतात. वेगवेगळ्या जागी बसलेल्या परीक्षकांनी वेगवेगळ्या गोष्टींना दिलेले गुण शेवटी एकत्र येतात. म्हणजे तुमची हुर्यो एका बेरजेवर असते, आणि ती ऐकतात त्या बेरजेशी काहीही संबंध नसलेले वादक. गुण तर तोवर नोंदवून झालेले असतात.

नाराजी दाखवायची असेल तर मार्ग आहेत. शांत बसा आणि शेवटी सौम्य टाळी द्या. उभं राहून दाद देणाऱ्या गर्दीत बसून राहिलेला माणूस पुरेसं बोलून जातो. निकालावर आक्षेप असेल तर विभागवार गुणपत्रक बघा. बरेचदा वाद एकूण क्रमांकाचा नसतो, एखाद्या विभागातल्या दोन-तीन दशांशांचा असतो, आणि मग आयोजकांना लिहिताना नेमकं लिहिता येतं. कार्यक्रम चालू असताना परीक्षक आपली टिप्पणी बोलून ध्वनिमुद्रित करतात आणि ती पथकाच्या शिक्षकांकडे जाते, म्हणून त्यांच्या आसपास बसून मोठ्याने शेरेबाजी करू नका.

शेजारी कुणी हुर्यो उडवत असेल तर त्याच्याशी भांडू नका. त्याच क्षणी तुम्ही जोरात टाळ्या सुरू करा. आजूबाजूचे चार-पाच जण लगेच साथ देतात आणि आवाज बुडून जातो. अर्वाच्य भाषा किंवा धमकी असेल तर रांगेतल्या स्वयंसेवकाला सांगा.

शालेय बँडच्या स्पर्धांमध्ये हे सगळं आणखी काटेकोरपणे पाळा. तिथे वादक शाळकरी मुलं असतात आणि तुमच्या मागे बसलेली बाई त्याच ट्रंपेटवाल्याची आई असू शकते. ‘यांचा आवाज किती कच्चा’ हे वाक्य परतीच्या गाडीसाठी राखून ठेवा.

कार्यक्रमानंतर बाहेर, ट्रक आणि बसगाड्यांपाशी, वादक भेटतात. त्यांच्याशी बोला, त्यांना ते आवडतं. पण ‘मस्त झालं’ एवढ्यावर थांबू नका. कोणता क्षण आवडला ते सांगा, ‘तो संथ भाग संपताना तुमचा शेवटचा सूर’ असं नेमकं. क्रमांकाचा विषय त्यांनी काढल्याशिवाय काढू नका.