दुसऱ्या गाडीशी धडक झाली तर इन्शुरन्स क्लेम कसा करायचा

आधी माणसं बघा, कुणाला लागलं असेल तर ॲम्ब्युलन्स आणि पोलीस, गाडीचं नंतर. मग धोका नसेल तर गाड्या हलवायच्या आधी पटापट फोटो काढा, आणि फक्त आपल्या चेपलेल्या दरवाजाचे नकोत, दोन्ही गाड्या एकत्र दिसतील असे लांबून, नंबरप्लेट, ब्रेकच्या खुणा, सिग्नल आणि समोरच्या गाडीला कुठे लागलंय ते पण, कारण पुढे सगळा वाद कुणी कुणाला ठोकलं यावरच होतो. समोरच्याचं लायसन्स आणि पॉलिसी यांचेही फोटोच घ्या, लिहून घेताना आकडा चुकतो. डॅशकॅम असेल तर क्लिप लगेच सेव्ह करा नाहीतर तिच्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं.

जे घडलं ते खरं खरं सांगा, पण "चूक माझीच" असं तिथल्या तिथे कबूल करू नका आणि लिहून तर अजिबात देऊ नका.

समोरचा बऱ्याचदा म्हणतो, जाऊ दे, इथेच पैसे घ्या आणि मिटवू. प्लीज घेऊ नका. बंपरच्या मागे काय मोडलंय ते उघडल्याशिवाय दिसत नाही, मान दुसऱ्या दिवशी आखडते, आणि तुम्ही परस्पर मिटवलं की तुमच्या विमा कंपनीला त्याच्याकडून वसुली करता येत नाही आणि मग तुमचाच क्लेम अडकू शकतो.

कंपनीला त्याच दिवशी कळवा, क्लेम नंबर घ्या. चूक समोरच्याची असेल तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून (म्हणजे त्याच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा विमा) भरपाई मागता येते पण वेळ लागू शकतो. तुमची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर मात्र तोच एक रस्ता. कॉम्प्रिहेन्सिव्ह (आपल्या गाडीचं नुकसानही भरणारी) असेल तर स्वतःच्या पॉलिसीतून काम सुरू करा, त्यात डिडक्टिबल (बिलातला आपण भरायचा ठरलेला भाग) खिशातून जातं आणि नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जाऊ शकतो, म्हणून नुसता ओरखडा असेल तर आधी गॅरेजचं एस्टिमेट घेऊन हिशोब मांडा.

सर्व्हेयर (कंपनीतर्फे नुकसान तपासायला येणारा माणूस) बघून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नका, आणि गाडी खोलल्यावर आत आणखी काही निघालं तर काम थांबवून त्याला परत बोलवा, नंतर वाढवलेलं बिल पास होणं फार कठीण. क्लेम नाकारला तर फोनवरचं उत्तर धरू नका, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा, तक्रार पुढे न्यायची तर तोच कागद लागतो.