नायक उडतो, परीक्षण आपटतं: अद्भुत कादंबऱ्यांवर लिहिताना या चुका टाळा

मंतरलेल्या तलवारी, हवेत उडणारे नायक, दुसऱ्याच्या मनातलं वाचणाऱ्या मुली. अशा कादंबऱ्यांवर मराठीत आता बऱ्यापैकी लिहिलं जातं. पार्ल्याच्या आमच्या वाचनगटातली मंडळी आपली परीक्षणं कुठे पाठवण्याआधी माझ्याकडे नजरेखालून घालायला देतात. लिहिणारे हुशार, पुस्तक मन लावून वाचलेलं, तरी लेख फसतो आणि बहुतेक वेळा एकाच जागी फसतो. नायकाला काय काय करता येतं याचं वर्णन दोन पानं चालतं. त्याला काय करता येत नाही, यावर एक ओळ सापडत नाही.

शक्तीची यादी देऊन थांबणं

सगळ्यांत मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा वेळ घालवतो. शक्ती कितीही चमत्कारिक असली तरी तिच्या जोरावर फार तर चार पानं निघतात. कादंबरी उभी राहते ती शक्ती जिथे कमी पडते तिथे.

हे आपल्याला खरं तर कुणी शिकवायला नको. हिरण्यकशिपूने वर मागताना एखाद्या मुरलेल्या वकिलासारख्या अटी घातल्या. माणसाकडून मरण नको, पशूकडून नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. जमिनीवर नको, आकाशात नको, शस्त्राने तर नकोच. नरसिंह आला तो तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर बसला, मांडीवर घेतलं आणि नखांनी काम केलं. एकही अट मोडली नाही. ऐकणाऱ्याला सगळ्या अटी आधीपासून ठाऊक होत्या, तरी शेवट त्याला चकवतो. कर्णाचंही तसंच. कवचकुंडलं देऊन इंद्राकडून मिळवलेली शक्ती एकदाच वापरता येणार होती. अर्जुनासाठी जपून ठेवलेली ती शक्ती चौदाव्या दिवसाच्या रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्च करावी लागली. ‘एकदाच’ ही अट काढून टाका, त्या प्रसंगात काय उरतं?

अमेरिकन कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी २००७ साली एका लेखात हेच नियमाच्या रूपात मांडलं. जादूने पेच सोडवायचा असेल तर ती जादू वाचकाला आधी जितकी उमगली असेल, तितकीच ती सोडवणूक त्याला समाधान देते. परीक्षण लिहिणाऱ्याला एवढा एक नियम खिशात असला तरी पुष्कळ पुरतो.

उपाय साधा आहे. वाचताना पुस्तकात एक कागद ठेवा. शक्ती पहिल्यांदा दिसते तो पृष्ठक्रमांक लिहा. ती पहिल्यांदा फसते तोही लिहा. शेवटच्या संकटातून नायक कशामुळे सुटला आणि त्या गोष्टीचा उल्लेख आधी कुठे आला होता, तेही टिपा. ही शेवटची जागा कोरी राहिली तर तुमच्या परीक्षणाचा मुख्य मुद्दा तुमच्या हातात आला.

आता एक नमुना पाहू. मी रचलेला आहे, पण असे परिच्छेद तुम्ही वाचले असतीलच:

‘लेखिकेच्या कल्पनाशक्तीची उत्तुंग भरारी थक्क करते. नायिकेच्या अद्भुत शक्तीमुळे कथानक वेगळ्याच उंचीवर जातं. भाषा ओघवती, मुखपृष्ठ समर्पक. प्रत्येकाने संग्रही ठेवावी अशी कादंबरी.’

यातला ‘नायिका’ शब्द बदलला की हा मजकूर एखाद्या गिर्यारोहकाच्या आत्मचरित्रालाही चालेल. त्याच काल्पनिक कादंबरीबद्दल असं लिहिता येतं:

‘वस्तूला हात लावला की नायिकेला तिचा भूतकाळ दिसतो, पण दर वेळी तिची स्वतःची एक आठवण पुसली जाते. पहिली दीडशे पानं लेखिका हा सौदा चोख पाळते. आजीचा चेहरा जातो, शाळेचा रस्ता जातो. पुढे मात्र नायिका चाळभर दिसेल त्या वस्तूला हात लावत सुटते आणि काहीच विसरत नाही. त्यामुळे शेवटी ती जे गमावते, त्याचं दुःख वाचकापर्यंत पोचत नाही.’

शेवट फोडलेला नाही, दोष नेमका दाखवलाय आणि वाचकाला पुस्तक घ्यायचं की नाही हे ठरवता येतं.

प्रत्येक जादूकडून नियमावली मागणं

वरचा नियम कळला की काही जण तो सगळीकडे लावत सुटतात. जंगलातल्या म्हातारीच्या मंत्राला किती अंतराची मर्यादा, शाप किती वर्षं टिकतो, वगैरे. काही कादंबऱ्यांत जादू भीतीसाठी, गूढ वाटण्यासाठी असते, तिथे तिचा हिशोब मागणं म्हणजे भुताकडे आधार कार्ड मागणं. मी पाहतो ते एवढंच की जादू संकट आणते की संकट सोडवते? आणत असेल तर ती धूसर राहिली तरी बिघडत नाही. सोडवत असेल तर मात्र लेखकाने तिची ओळख आधी करून द्यायला हवी.

‘हे शक्यच नाही’ असं म्हणून मोकळं होणं

विज्ञान शिकलेल्या परीक्षकांची ही लाडकी चूक. आणि तिच्या उलट, ‘काल्पनिकच आहे, काहीही चालतं’ म्हणणाऱ्यांची दुसरी. दोघांनाही एकच कसोटी पुरते. जे पुस्तकाने बदललेलं नाही, ते आपल्या जगातल्यासारखंच धरायचं.

समजा, नायक ताशी १०० किलोमीटरने येणारी विरार फास्ट दादरला एका हाताने थांबवतो. त्याच्या हातात एवढं बळ कुठून आलं, हे विचारायचं नाही, ते लेखकाने आपल्याला मान्य करायला लावलंय. पण आतले प्रवासी साधी माणसं आहेत. गाडी एका मीटरच्या अंतरात थांबली तर त्यांना बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ४० पट असेल. दांडीला लटकलेली माणसं डब्याच्या पुढच्या टोकाला जाऊन आदळतील. पुढच्या पानावर तेच प्रवासी टाळ्या वाजवत उतरले, तर परीक्षकाने तिथे बोट ठेवायलाच हवं. नायकाने गाडी दोन स्टेशनांच्या अंतरात हळूहळू रेटून थांबवली असती तर प्रसंग जास्त थरारक झाला असता आणि खराही वाटला असता.

तसंच लोकलच्या टपावरून पळणाऱ्या नायकाचं. त्याला फक्त वेगाची देणगी असेल, तर डोक्यावरची २५,००० व्होल्टची वायर त्याच्यासाठीही २५,००० व्होल्टचीच आहे. अदृश्य होणारा माणूस हा तर जुनाच पेच. शरीरातून प्रकाश आरपार जात असेल तर डोळ्यातल्या पडद्यावरही तो अडणार नाही, म्हणजे अदृश्य माणूस आंधळा हवा. आणि माणूस आहे त्याच प्रमाणात दहापट उंच केला तर त्याचं वजन हजारपट होतं, हाडांचा छेद मात्र शंभरपटच वाढतो. हाडांवर हा वाढीव ताण येणार, हे गॅलिलिओने १६३८ सालीच सांगून ठेवलंय.

हे सगळं प्रत्येक परीक्षणात उगाळायचं नाही. कादंबरी ‘मंत्र’ म्हणत असेल तर हाडांचा छेद काढू नका. ती ‘जनुकबदल’ किंवा ‘प्रयोगशाळेतला अपघात’ म्हणत असेल तर जरूर काढा, कारण तिथे लेखकाने विज्ञानाच्या नावावर वाचकाचा विश्वास उचललाय.

मुंबईत घडणाऱ्या कादंबऱ्यांत आणखी एक गंमत होते. आपला वाचक ड्रॅगन गिळतो आणि फलाटाच्या क्रमांकाला ठसका लागतो. दादरचे फलाट डिसेंबर २०२३ पासून सलग क्रमांकाचे झाले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. २०२५ मधल्या कथेत नायक मध्य रेल्वेच्या एक नंबरवर उतरला तर लेखकाने पाहणी केलेली नाही हे उघड आहे. पण त्यावर अर्धं परीक्षण खर्ची घालणं ही मुंबईकराची हौस झाली. एका ओळीत सांगा आणि पुढे जा. अपवाद एकच, रहस्यच त्या फलाटावर अवलंबून असेल तर. विचारण्यासारखा मोठा प्रश्न वेगळाच आहे. ही गोष्ट मुंबईत घडल्यामुळे शक्तीला काही वेगळं वळण मिळतं का? भिंतीपलीकडचं ऐकू येणारा माणूस एकट्या बंगल्यात राहतो की वरळीच्या बीडीडी चाळीत, यावर त्याची सगळी कादंबरी बदलायला हवी. बदलत नसेल तर मुंबई फक्त पाठीमागचा पडदा आहे.

‘मुलांना आवडेल’ आणि ‘आपल्या पुराणांत हे होतंच’

दोन्ही वाक्यं वाचायचा कंटाळा लपवतात. मराठी कादंबरी जेमतेम उभी राहत होती, तेव्हाच, १८६१ साली, ‘मुक्तामाला’ आली आणि तिच्या मागोमाग अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांग लागली. त्या वाचणारी मंडळी मोठीच होती. पुढे १९६४ पासून मुंबईतून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ घरोघरी लहानांच्या उशाखाली आणि मोठ्यांच्याही हातात असायचा. तेव्हा वयाची पाटी लावण्याआधी पुस्तकात काय आहे ते सांगा. पुराणांचा उल्लेख जरूर करा, पण कसोटी म्हणून. नव्या कादंबरीतली शक्ती हिरण्यकशिपूच्या वरासारखी काटेकोर आहे की नुसतीच हातातून निघणारी ठिणगी आहे, हे तपासा. अभिमानाचा परिच्छेद वगळला तरी वाचकाचं काही अडत नाही.

तुलनेचंही तसंच. बहुतेक परीक्षणांत तुलना थेट परदेशी सिनेमाशी होते. नारायण धारपांचा समर्थ मराठीत असताना, अघोरी शक्तींशी झुंजणाऱ्या नायकाबद्दल लिहिणाऱ्याला तो आठवू नये, याचं मला नवल वाटतं.

मोठ्या नावापुढे मान तुकवणं

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. कथेवर नाव होतं नारायण विनायक जगताप. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी फिरवून लिहिलेले. नाव बघून निकाल लागू नये म्हणून त्यांनी ते केलं. जमत असेल तर पहिली पन्नास पानं वाचताना मुखपृष्ठावर वर्तमानपत्राचा कागद चढवा, नाव आणि मागच्या बाजूची स्तुती दोन्ही झाकली जाते.

शक्ती आली कुठून, हे न विचारणं

हा मुद्दा परीक्षणांत जवळजवळ येतच नाही, आणि मला तो खटकतो. पुष्कळ कादंबऱ्यांत नायक ‘निवडलेला’ असतो, म्हणजे अमुक घराण्याचा शेवटचा वारस, रक्तातच तेज. बाकीचे कितीही घासले तरी त्यांना ते मिळत नाही. एकलव्य आणि कर्ण ज्यांनी ऐकलेत, त्यांनी हे निमूट वाचून ‘नायक भावतो’ असं लिहावं? लेखक या जन्मसिद्ध अधिकाराकडे प्रश्न म्हणून पाहतो की तो गृहीत धरतो, एवढं तरी नोंदवा. मी स्वतः साधनेने, चुका करत शिकलेल्या जादूगाराच्या बाजूचा आहे, आणि परीक्षणात असा कल उघड सांगायला हरकत नसते.

मालिकेचा तिसरा भाग सुटा मोजणं

मालिकांत ताकदीला महागाईची लागण होते. सुपरमॅन १९३८ साली आला तेव्हा उडत नव्हता, लांबलांब उड्या मारायचा. नंतर तो उडू लागला, ताकद वाढत गेली, आणि त्याला जेरीस आणणारं क्रिप्टोनाइट आधी १९४३ मध्ये रेडिओ मालिकेत आलं. तिसऱ्या भागावर लिहिताना पाहा, नायक पहिल्या भागातल्या संकटातून आज चहा पिता पिता सुटेल का? सुटत असेल तर लेखकाने नव्या अडचणी कुठून आणल्या? शत्रू नुसता आकाराने मोठा केला असेल तर तेही सांगा. पहिल्याच भागावर लिहीत असाल तर अर्धवट राहिलेल्या धाग्यांना दोष देऊ नका, पण त्या भागाला स्वतःचा काही शेवट आहे का, हे जरूर बघा.

लिहिताना अडलं तर

कथानक सांगण्यातच जागा संपत असेल, तर पहिल्या चतुर्थांशापलीकडचं सगळं खोडा. या प्रकारच्या पुस्तकांत कोण मरतं यापेक्षा शक्तीचं मूळ काय, हे फुटलं की वाचक जास्त चिडतो.

पुस्तक आवडलं नाही पण कारण सापडत नसेल, तर तो पृष्ठक्रमांकांचा कागद काढा. शक्ती दिसली त्यानंतर ती फसायला दोनशे पानं लागली असतील, तर कंटाळा तिथे आलाय.

विचित्र नावांनी परीक्षण जड होत असेल, तर राज्यं, कुळं, शस्त्रं यांपैकी दोनच नावं ठेवा. बाकीच्यांना ‘शेजारचा राजा’, ‘नायकाचा गुरू’ एवढं पुरतं.

आणि लेखक ओळखीचा असेल तर? मराठी साहित्याचं मुंबईतलं वर्तुळ एवढंसं आहे. आज ज्याच्यावर लिहिलं तो शनिवारी दादरला प्रकाशन समारंभात शेजारच्या खुर्चीवर सापडतो. अशा वेळी ओळख पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका, किंवा पुस्तक गटातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. दिलंत तर तो पृष्ठक्रमांकांचा कागद आतून काढून घ्या, नाहीतर पुढचा माणूस तुमचंच मत लिहून मोकळा होतो.