म्हाताऱ्याची माशी कशी बांधायची

सगळ्यात आधी चष्मा शोधा. चाळिशी उलटलेलं कुणीही शिकायला आलं की म्हातारा पहिलं हेच सांगायचा. मग गल्ल्याशेजारच्या कॉफीच्या रिकाम्या डब्यातून आपले तीन-चार जुने चष्मे काढून समोर ठेवायचा आणि म्हणायचा, लावून बघ, ज्यातून दोरा दिसेल तो तुझा.

त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला ते आवडलं नसतं. पेनसिल्व्हेनियात कंबरलँड व्हॅली म्हणून भाग आहे, तिथल्या एका गावात त्याचं फ्लाय फिशिंगचं दुकान होतं, म्हणजे गळावर पिसं-दोरे गुंडाळून केलेल्या खोट्या माशीचं आमिष दाखवून मासे धरायचं सामान तिथे मिळायचं. तो गेल्या नोव्हेंबरात गेला. दुकान आता बंद होतंय, पण मागची खोली त्याच्या मुलीने मार्चअखेरपर्यंत उघडी ठेवली आहे. तिथे एका रविवारी आम्ही सगळे जमणार. भाषणं नाहीत, हार-फुलं नाहीत, फोटोसुद्धा नाही. प्रत्येकाने निदान एक माशी बांधायची, बस. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी इथे ट्राउट मासे धरायचा हंगाम उघडतो, त्या सकाळी त्या माश्या ओढ्यावर येणाऱ्या पोरांना फुकट वाटायच्या. हे ऐकून आमच्या मंडळातल्या चौघांनी विचारलं, आम्हालाही शिकवशील का? त्यांच्यासाठी लिहायला बसलो. बाकी कुणाला उपयोग झाला तर आनंदच आहे.

(म्हातारा म्हणतोय म्हणून रागावू नका. फोनवर त्याच्याबद्दल सांगताना आई दर वेळी टोकायची, “अरे-तुरे काय करतोस, वयाने मोठे आहेत ना ते?” पण तो माझ्या तोंडात कायम ‘तो’च राहिला. विठोबाला तरी आपण कुठे अहो-जाहो करतो?)

आपल्याला बांधायची आहे वूली बगर. नावाला माशी, पण ही माशी नव्हेच. पाण्याखाली ओढली की हिचं कधी जळू होतं, कधी लहान मासा, कधी दगडाखालची अळी. ट्राउटला जे वाटेल ते. लँकेस्टरच्या रसेल ब्लेसिंगने 1967 साली ही पहिल्यांदा बांधली, डॉब्सनफ्लाय नावाच्या किड्याच्या अळीची नक्कल म्हणून. लँकेस्टर इथून गाडीने तासाभरावर. म्हातारा त्याबद्दल असा बोलायचा, जशी ती माशी त्याच्या चुलतभावानेच काढली होती.

सामान सांगतो. गळ आठ नंबरचा, लांब दांडीचा, दुकानात स्ट्रीमर हुक म्हणून मागा. काळा दोरा, 6/0 नंबरचा. शेपटीसाठी काळं मॅराबू. हे पूर्वी त्या नावाच्या करकोच्याचं पीस असायचं, हल्ली टर्कीचं असतं. अंगासाठी शेवाळी रंगाचं शनील. हो, गादीच्या अभ्र्याचं आणि थंडीतल्या ब्लाउजचं आपलं शनील, शब्द तोच. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ सुरवंट. इथे ते जाड लोकरीच्या दोऱ्यासारखं गुंडीवर मिळतं. बारीक तांब्याची तार. वजनासाठी शिशासारखी मऊ तार, पण शिसं नको, बिनशिशाची घ्या. आणि कोंबड्याचं एक लांब काळं पीस.

पिसाबद्दल जरा थांबतो. दुकानात एक खण होता, त्यावर चिकटपट्टी लावून ‘इंडिया’ लिहिलेलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने मला कुठला म्हणून विचारलं, मग न बोलता तो खण उघडला आणि तपकिरी कोंबड्याच्या मानेचं अख्खं सोललेलं कातडं पिसांसकट काउंटरवर टाकलं. “तुझा गाववाला,” म्हणाला. भारतातल्या कोंबड्यांच्या माना या धंद्यात फार वर्षांपासून येतात, इंडियन केप म्हणतात त्यांना, स्वस्त आणि चिवट. महाडकडचा माणूस मी, गावठी कोंबडा म्हटलं की मला रस्सा आठवतो. पेनसिल्व्हेनियात त्याचं कातडं प्लास्टिकच्या पिशवीत किमतीची चिठ्ठी लावून बघितलं आणि हसूच आलं. पण बगरला ते चालत नाही. मानेवरचं पीस आखूड, चार वेढ्यांत संपतं. पाठीवरचं, कमरेजवळचं लांब पीस घ्या, सॅडल म्हणतात ते.

हत्यारं: गळ धरायला शेगडा (वर्कशॉपमधलाच, फक्त बोटाएवढा), रीळ अडकवायची बॉबिन, टोकदार छोटी कात्री. बाकीचं दुकानदार विकतात म्हणून आपण घेतो, हे वाक्यही त्याचंच, स्वतःच्या दुकानात उभं राहून म्हटलेलं.

आता बांधू.

गळ शेगड्यात लावायच्या आधी त्याचा आतला उलटा काटा पक्कडीने चेपून टाका. तो ठेवला की मासा निसटत नाही, पण सोडतानाही सुटत नाही. बॉयलिंग स्प्रिंग्ज गावाखाली यलो ब्रीचेस ओढ्याचा मैलभर पट्टा असा आहे की तिथे धरलेला प्रत्येक मासा परत सोडावा लागतो. मला हे सुरुवातीला पटेना. मासा धरायचा आणि खायचा नाही? सावित्रीत बांबूच्या काठीला गांडूळ लावून शिंगाळे काढलेला मुलगा मी. पण बोलता बोलता मीच म्हाताऱ्याला वाळणकोंडीची गोष्ट सांगितली. आमच्या महाड तालुक्यात काळ नदीचा डोह आहे, त्यात हाताएवढाले खडस फिरतात, लोक त्यांना चुरमुरे टाकतात आणि कुणी हात लावत नाही, कारण ते देवीचे मासे.

“हंगाम कधी उघडतो?” त्याने विचारलं.

“कधीच नाही.”

“लायसन्स कोण देतं?”

“देवी.”

आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला तो हे सांगत होता. वाळणकोंडचा उच्चार दर वेळी नवा. तेव्हापासून काटा चेपताना तो मला डोळा मारायचा. तुम्ही काटा चेपा.

गळ शेगड्यात असा लावा की दांडी आडवी राहील. दांडीच्या मधल्या भागावर वजनाची तार दहा-बारा वेढे गुंडाळा, वेढ्याला वेढा चिकटून. पुढे नेढ्यापाशी (गळाला दोरी ओवायचं भोक, सुईसारखं) दोन नेढ्यांएवढी जागा मोकळी सोडा. हे वाक्य परत वाचा. सगळी गंमत याच मोकळ्या जागेत आहे, पुढे कळेल. मग दोरा लावून पूर्ण दांडीवर वेढे द्या, तारेवरूनही, म्हणजे ती सरकणार नाही. दोरा गळाच्या बाकाच्या (दांडी जिथे वळते तिथे) सुरुवातीला आणून सोडा, बॉबिन लोंबकळू दे.

शेपूट. मॅराबूचं एक पीस घ्या, बोटं ओली करून त्यावरून फिरवा. कोरडं असताना धुरासारखं उडतं, ओलं झालं की गपगुमान टोकदार होतं. शेपटीची लांबी दांडीएवढी. दांडीच्या वर धरा, दोन सैल वेढे, मग तिसरा ताणून. मागचा उरलेला भाग कापू नका, वजनाच्या तारेपर्यंत पुढे आणून बांधा, म्हणजे अंग एकसारखं होतं, मध्येच पोट सुटत नाही. शेपूट लांब झाली तर? कात्री नाही. नखांनी चिमटून तोडा. कात्रीने कापलेली शेपूट पाण्यात झाडूसारखी दिसते. त्याने एकदा माझ्या हातातली कात्री काढून घेतली होती, आईने ताटातलं दुसरं श्रीखंड काढून घ्यावं तशी.

आता बाकापाशीच आधी तांब्याची तार बांधा आणि मागे सोडून द्या. मग शनील. त्याच्या टोकाची तीन-चार मिलिमीटर लव नखांनी ओरबाडा, आतला नागडा दोरा दिसेल, तोच बांधा, नाहीतर तिथे गाठोडं होतं. दोरा पुढे नेऊन मोकळ्या जागेच्या अलीकडे थांबा. शनील वेढ्याला वेढा लावत पुढे आणा, दोऱ्याने बांधा, कापा.

पीस पुढून बांधायचं. पुस्तकं बऱ्याचदा उलटं सांगतात, मागून टोक बांधून पुढे आणा म्हणतात. तेही चूक नाही. पण म्हातारा पुढून बांधायचा आणि कारण सांगायचा: ट्राउटला दात असतात. मागून बांधलेल्या पिसाची काडी दाताने एकदा कापली की सगळं पीस उसवतं. म्हणून बुंध्याकडची लव काढून पीस डोक्यापाशी बांधा आणि पाच-सहा मोकळ्या वेढ्यांनी मागे शेपटीपर्यंत न्या. एका हाताने टोक तसंच ताणून धरा, दुसऱ्या हाताने मागे सोडलेली तांब्याची तार उचला आणि त्या टोकावरून एक वेढा टाका. आता पीस अडकलं. तार पिसाच्या उलट दिशेने पुढे आणा, म्हणजे प्रत्येक वेढ्यावर ती काडीला फुली मारत येते. येताना तार जरा डावी-उजवी हलवत आणा, नाहीतर पिसाचे केस खाली चिरडतात. पुढे बांधा, तार वाकवून वाकवून तोडा (कात्री तारेवर चालवलीत तर कात्री गेली), मागचं उरलेलं टोक छाटा.

पहिल्या वेळी इथे तिसरा हात हवासा वाटतो. सगळ्यांना वाटतो.

शेवटी डोकं. नीट सात-आठ वेढे, व्हिप फिनिशची गाठ (दोऱ्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली दडवायचं), येत नसेल तर एकावर एक तीन-चार अर्ध्या गाठी. वर नेलपॉलिशचा थेंब, बिनरंगी. तो कधी कधी नातीचं गुलाबी वापरायचा आणि गिऱ्हाईक विचारायचं की हा रंग कुठल्या किड्याचा. थेंब सुकायच्या आधी नेढ्यातून पिसाची काडी आरपार घालून काढा.

कशी वापरायची तेही थोडक्यात. प्रवाहाला आडवी, जरा खालच्या अंगाला टाका. दोरी ताणली की माशी आपोआप कमानीत किनाऱ्याकडे येते. येताना हाताने वितीपेक्षा थोडी कमी दोरी ओढा, थांबा, ओढा, थांबा. मासा बहुतेक त्या थांबण्यात लागतो. झटका लागला की काठी उचलू नका, दोरीच खेचा. पावसानंतर पाणी चहासारखं गढूळ असेल तर उत्तमच. या चुनखडीच्या झऱ्यांच्या उगमापाशी पाणी बाराही महिने दहा-अकरा अंशांवर असतं, त्यामुळे जानेवारीतही मासा मिळतो, बोटं मात्र जातात. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लायसन्स लागतं आणि ट्राउटचा परवाना वेगळा. इथे देवी देत नाही.

आता नेढ्याबद्दल.

त्याच्या दुकानात गल्ल्यामागे कॉर्कचा मोठा फळा होता. शिकणाऱ्याने बांधलेली पहिली माशी तो विकत घेतल्यासारखी ठेवून घ्यायचा, तारखेसकट त्या फळ्यावर टोचायचा. सुंदर, वाकड्या, झाडूच्या शेपटीच्या, सगळ्या. माझी खालून दुसऱ्या ओळीत होती. नवीन कुणी आलं की तो त्यांना फळ्यापाशी नेऊन म्हणायचा, हे बघ, यांच्यापेक्षा वाईट बांधायची तर मेहनत घ्यावी लागेल.

तो गेल्यावर मुलीने फळा उतरवला आणि प्रत्येकाची माशी छोट्या तपकिरी पाकिटात घालून ज्याची त्याला पाठवली. पाकिटात माशीबरोबर फळ्यावरची जुनी चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीवर माझं नाव, स्पेलिंग चुकीचं. खाली तारीख. मला वाटलं एवढंच. मग उलटली तर मागे त्याच्या अक्षरात एकच शब्द: “नेढं!”

भिंगाखाली धरून बघितली. डोकं थेट नेढ्यावर चढवलेलं, त्यावर पॉलिश वाळून दगड झालेलं. सुईसुद्धा जाणार नाही. म्हणजे बारा वर्षं ही भिंतीवर होती आणि कुणालाही ती दोरीला बांधता आली नसती. तेव्हा त्याने मला हे सांगितलं नव्हतं. “छान शेपूट,” एवढंच म्हणाला होता.

तर दोन नेढ्यांएवढी जागा सोडा.

रविवारी येताना आपापला चष्मा आणा, डब्यातले पुरणार नाहीत. कॉफी तिथे असेल, वाईट असेल. माझ्याकडे काळं मॅराबू भरपूर आहे, शेवाळी शनील संपत आलंय, कुणाकडे असेल तर घेऊन या. पोरांसाठी निदान पन्नास माश्या व्हायला हव्यात, आणि आपण आत्तापर्यंत एकवीस जण आहोत.