फोनवरून स्पेअर पार्ट मागवताय? या चुका टाळा

"हॅलो, मिक्सरच्या खाली तो प्लास्टिकचा गोल असतो ना, तो आहे का तुमच्याकडे?"

आहे. चाळीसएक प्रकारचा आहे. त्यातला तुमचा कुठला, एवढंच कळायचं बाकी आहे.

पुण्यात तापकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर आमचं घरगुती उपकरणांच्या स्पेअर पार्टचं छोटं दुकान आहे. फोन उचलायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे. फलटण, बार्शी, लोणंद, कुठून कुठून फोन येतात. पार्सल एसटीने किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जातं, आणि त्यातलं काही आठवड्याभराने परत येतं. परत आलेल्या मालासाठी दुकानात एक वेगळी फळी आहे. तिच्यावर खराब पार्ट फारसे नाहीत. बहुतेक चांगलेच आहेत, फक्त भलत्या घरी जाऊन आलेले. तुम्ही जे डोळ्यांसमोर बघत बोलता ते मला दिसत नाही, हे फोनवर बोलणारा विसरतो. आणि खरं सांगायचं तर ऐकणाराही विसरतो.

पार्ट खरंच गेलाय का?

मिक्सर वाटण करता करता गप्प झाला की "मोटर जळली, आर्मेचर (मोटरचा आत फिरणारा भाग) पाठवा" असा फोन येतो. मी आधी मिक्सर उलटा करायला सांगते. बहुतेक मिक्सरच्या तळाला किंवा मागच्या बाजूला एक छोटं, बहुधा लाल बटण असतं. मोटरवर जास्त भार आला की ते उडतं. प्लग काढा, जारमधलं थोडं कमी करा, दहा मिनिटं थांबा, बटण दाबा. निम्मे फोन इथेच संपतात आणि आमचं नुकसान होतं, पण ते चालतं.

वॉशिंग मशीनमध्ये पाणी हळू भरतंय म्हणून लोक इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत सोडणारी झडप, मागवतात. मशीनच्या मागे जिथे पाइप जोडतो तिथे एक बारीक जाळी असते. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ती रेतीने भरलेली सापडते. नळ बंद करा, पाइप सोडवा, जाळी दाताच्या ब्रशने घासा. फ्रंट लोडमधून पाणी बाहेर जात नसेल तर पंप मागवण्याआधी खालच्या कोपऱ्यातला फिल्टर उघडा, खाली टॉवेल अंथरून. नाणी, सेफ्टी पिना, आणि एकदा तर मंगळसूत्राच्या वाट्या निघाल्याचं एका ताईंनी सांगितलं होतं.

फ्रीजचं रबर मागवण्याआधी दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढून बघा. नोट सहज निसटली तरच रबर सैल आहे. चारी बाजूंनी बघा, एकाच जागी बघून ठरवू नका.

नाव एक, पार्ट दोन

सगळ्यात मोठा घोळ इथे आहे, आणि त्यात गिऱ्हाइकाची चूक नाही. आपण घरात जी नावं वापरतो ती चुकीची नसतात, पण एकाच नावाचे दोन-तीन पार्ट असतात.

'कंडेन्सर' घ्या. पंख्यात जो कपॅसिटर असतो त्याला सगळा महाराष्ट्र कंडेन्सर म्हणतो, आम्हीही म्हणतो. पण फ्रीजवाल्याच्या तोंडी कंडेन्सर म्हणजे गरमी बाहेर टाकणारी ती जाळी, जुन्या फ्रीजमध्ये मागे काळी दिसते ती. 'कॉइल' म्हणजे गिझरवाल्याला पाणी तापवणारं एलिमेंट आणि फ्रीजवाल्याला गॅस फिरणारी नळी. 'रबर' म्हणजे कुकरची रिंग, फ्रीजच्या दाराचं गास्केट, फ्रंट लोडच्या दाराचा घडीघडीचा पट्टा आणि मिक्सरच्या झाकणाची वाटी. 'टायमर' म्हटलं तर सेमी ऑटोमॅटिक मशीनमध्ये दोन असतात. धुण्याचा, ज्याच्यावर साधारण १५ मिनिटांपर्यंत आकडे असतात, आणि पिळण्याचा, ज्याच्यावर ५ पर्यंत. दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाचं काम दुसरा करत नाही.

म्हणून नाव सांगून थांबू नका, काम सांगा. "पिळण्याच्या बाजूचा टायमर, मागे इतक्या तारा आहेत, दांडी अर्धगोल आहे" असं सांगितलं तर मला दुसरा प्रश्न विचारावा लागत नाही. 'उजवीकडचा', 'डावीकडचा' म्हणताना उपकरणासमोर उभे राहून म्हणताय की मागे वाकून, तेही सांगा. मागच्या बाजूने उघडलेल्या मशीनची उजवी बाजू ही समोरून डावी असते. ऐकताना हसू येतं, पण त्या फळीवर याचे पुरावे आहेत.

मॉडेल नंबर आठवून सांगणं

"अहो, आमचा तो साडेसहा किलोवाला, निळ्या झाकणाचा." निळ्या झाकणाचे साडेसहा किलोवाले एकाच कंपनीने वर्षानुवर्षं काढलेत आणि आतला पंप मध्येच बदललाय.

मॉडेल नंबर उपकरणावरच्या स्टिकरवरून वाचायचा. बिलावरून नाही, कारण बिलावर दुकानदाराने अर्धाच नंबर टाकलेला असतो. जाहिरातीतल्या नावावरून तर नाहीच. मिक्सरचं स्टिकर तळाला असतं. फ्रीजचं आत, भाजीच्या ड्रॉवरच्या जवळच्या भिंतीवर किंवा पाठीला. वॉशिंग मशीनचं मागे किंवा दार उघडल्यावर कडेला, मायक्रोवेव्हचं दाराच्या चौकटीत. गिझर उंच असतो, तिथे हात वर करून मोबाइलने फोटो काढा आणि खाली येऊन वाचा. स्टुलावर उभं राहून एका हाताने फोन धरून मला नंबर सांगत बसू नका, मला इकडे धडकी भरते.

नंबरात शेवटी तिरपी रेघ आणि दोन अक्षरं असतील तर तीही हवीत. लोक तिथे "आणि पुढे काहीतरी आहे" म्हणून सोडून देतात. ते 'काहीतरी' म्हणजेच पुष्कळदा कुठल्या सुधारणेतलं मशीन आहे ते.

अक्षरं आणि आकडे

फोनवर बी, डी, पी, टी, व्ही ही सगळी एकाच आईची लेकरं. एम आणि एन जुळी. शून्य की ओ, एक की आय, हे तर छापील स्टिकरवरही कळत नाही. म्हणून गावांची नावं वापरा: डी दिल्लीचा, पी पुण्याचा, टी ठाण्याचा, एन नागपूरचा. बी बॉम्बेचा आणि एम मुंबईचा, एकाच शहराने दोन अक्षरं सांभाळलीत.

आकडे मात्र सुटे सुटे सांगा. 'एकोणऐंशी' म्हटलं की आमच्याकडचा इंग्रजी शाळेत शिकलेला पोरगा हमखास ८९ लिहितो. ऐकलं 'ऐंशी', लिहिला ८, पुढे नऊ. हिंदीतून बोलणाऱ्या कॉल सेंटरला 'उनासी' आणि 'नवासी' सांगण्यापेक्षा 'सात नौ', 'आठ नौ' सांगणं सोपं. 'सात' आणि 'साठ' यांचाही भरवसा नाही, आजूबाजूला मिक्सर किंवा टीव्ही चालू असेल तर नाहीच.

सगळं सांगून झालं की समोरच्याला परत वाचायला लावा. मग तेच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, भावासकट. उद्या वाद झाला तर "मी तसं म्हणालेच नव्हते" हे दोघांनाही म्हणता येत नाही.

हमखास चुकणारे तीन

पंख्याचा कंडेन्सर. पंखा हळू फिरतो, हाताने ढकलल्यावर सुरू होतो, तेव्हा बहुधा हाच गेलेला असतो. गिऱ्हाईक सांगतं, "४४० चा द्या." ४४० हे व्होल्ट, ते पंख्याच्या जवळजवळ प्रत्येक कंडेन्सरवर असतात. मला हवा तो त्याच्या आसपास छापलेला छोटा आकडा: २.२५, २.५ किंवा ३.१५, पुढे एमएफडी किंवा मायक्रोफॅरड लिहिलेलं. 'अडीचचा' म्हटलं तरी पुरे. जास्त आकड्याचा लावला तर पंखा जोरात पळेल असं समजू नका, वाइंडिंग तापतं. रिमोटवाल्या बीएलडीसी पंख्यात हा कंडेन्सर नसतो, त्यात सर्किट असतं. आणि बघायला चढण्याआधी मेन स्विच बंद करा, नुसता रेग्युलेटर नाही.

मिक्सरचा कपलर, म्हणजे सुरुवातीचा तो 'गोल'. एक जारच्या बुडाला असतो, एक मोटरवर. कुठला तुटला ते सांगा, दात मोजा, आणि त्याआधी जारचं पातं हाताने फिरवून बघा (पात्याला धार असते, चमचा लावा). पातं जड फिरत असेल तर आतला बुश (पात्याची दांडी ज्यात फिरते ती नळी) जॅम झालाय आणि कपलर त्याच्यामुळे तुटलाय. अशा जारला नवा कपलर लावला तर आठवड्यात तोही जाणार आणि मग "तुमचा माल लोकल" म्हणून शिव्या मला. दुसरं, मोटरवरच्या कपलरचे आटे पुष्कळदा उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावून तो सोडवायला गेलात तर तो जास्त घट्ट बसतो. हे फोनवर सांगितलं नाही तर लोक पक्कड घेऊन मोटरची दांडी वाकवतात.

कुकरची रिंग. 'पाच लिटरची' हे अपुरं. हॉकिन्सच्या ओळखीच्या कुकरचं झाकण आत जातं, प्रेस्टीजच्या नेहमीच्या कुकरचं बाहेरून बसतं, त्यामुळे लिटर तेच असले तरी रिंग वेगळी. शिवाय लिटर म्हणजे तोंडाचा घेर नव्हे. उंच भांडं आणि पसरट भांडं यांची लिटर एक असली तरी झाकण एक नसतं. म्हणून कंपनी, झाकणाचा प्रकार आणि बुडाला किंवा दांड्यावर लिहिलेले लिटर, तिन्ही सांगा. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र कंपनीचाच घ्या. तिथे वीस-तीस रुपये वाचवायला कुणी सांगितलं तर दुकान बदला, आमचं असलं तरी.

आणखी दोन गोष्टी आम्ही फोनवर घेतच नाही. गॅसचा रेग्युलेटर तुमच्या एजन्सीकडून बदलून घ्यायचा असतो, बाहेरून विकत घ्यायचा नसतो. गळतीचा वास असेल तर दुकानाला नाही, १९०६ ला फोन करा. आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर. हल्लीच्या पुष्कळ फ्रीजमध्ये आर ६०० ए हा पेट घेणारा गॅस असतो, ते काम शिकलेल्या माणसाने जागेवर येऊन करायचं.

नंबर कुठून मिळाला?

कंपनीचं नाव टाकून इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधायचं आणि पहिला दिसेल तो नंबर लावायचा, ही चूक पार्ट चुकण्यापेक्षा महाग पडते. असे खोटे नंबर पेरलेले असतात. समोरचा गोड बोलतो, "नोंदणीचे फक्त पाच रुपये भरा" म्हणून लिंक पाठवतो, नाहीतर स्क्रीन दाखवणारं एखादं अॅप उतरवायला लावतो. तिथेच फोन ठेवा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे परत मिळवायला तो कुणालाच सांगावा किंवा टाकावा लागत नाही. नंबर घ्यायचा तो वॉरंटी कार्डावरून, खोक्यावरून किंवा उपकरणाच्या स्टिकरवरून. पैसे गेलेच तर लाज बाळगत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. जितका उशीर तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

खऱ्या कंपनीला फोन लागला तरी "फक्त पार्ट हवाय, माणूस नको" हे सुरुवातीलाच सांगा. नाहीतर तुमची मागणी भेटीच्या तक्रारीत जाते आणि पार्ट शंभराचा, भेटीचे पैसे त्याहून जास्त. वॉरंटी चालू असेल तर उलट: काहीही न उघडता त्यांच्या माणसाला बोलवा. पार्टच मिळत नाही म्हणाले, तर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला सुरू केलेलं 'राइट टू रिपेअर' पोर्टल आहे, त्यावर कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एकत्र केलीय. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आमच्यासारख्या दुकानाला विचारायचे प्रश्न थोडे. कंपनीचा की लोकल? भावात जीएसटी आणि पार्सल धरलंय का? चुकला तर परत घेता का? सर्किट बोर्ड आणि बहुतेक इलेक्ट्रिकल माल एकदा जोडला की कुणी परत घेत नाही. बिल मागा. महाराष्ट्रातल्या दुकानाचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो, गोव्यातल्याचा ३० ने.

पत्त्यात पिनकोड सोडू नका. वडगाव आणि पिंपळगाव राज्यात किती आहेत ते मोजायला बसू नका. नेमका याच घोटाळ्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी.

जुना पार्ट

नवा हातात येऊन, जुन्याशेजारी ठेवून, मशीन चालू होईपर्यंत जुना टाकायचा नाही. तारा सोडवण्याआधी फोटो काढायचा, कुठल्या रंगाची कुठे ते दिसेल असा. फ्रीजचं रबर घडी पडलेलं आलं तर ते खराब नाही, कोमट-गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, सरळ होतं.

गेल्या वर्षी फलटणच्या एका काकांना मी टायमर पाठवला. तारांचा रंग जुळेना. "जुन्यावर काय लिहिलंय ते वाचा," म्हटलं, तर तो सकाळीच भंगारात दिला होता. काका सायकलवर गेले, ढीग उपसला, वीस रुपये देऊन आपलाच टायमर विकत घेतला आणि तिथूनच मला फोन लावला. मागे भंगारवाल्याचा पत्र्यांचा आवाज येत होता. "लिहा," म्हणाले, "डी दिल्लीचा."