घरच्यांना घेऊन फिरायला निघताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

आठला निघायचं ठरलेलं असतं आणि गाडी साडेदहाला गल्लीतून बाहेर पडते. रामटेकला पोचेपर्यंत बारा वाजतात. गडावरचा दगड तापलेला, आजी पहिल्या दहा पायऱ्यांतच बसकण मारतात, पोट्टे मोबाइल मागतात, आणि परतताना गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना सांगताना खापर फुटतं रामटेकवर: "काही खास नाही हो तिथे." वाकाटकांच्या काळातलं केवल नरसिंहाचं मंदिर दीड हजार वर्षांपासून तिथे उभं आहे. त्याच्याकडून काय चुकलं?

नागपुरातून सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशी ठिकाणं आपल्याकडे भरपूर आहेत. रामटेक-खिंडसी-मनसर, अदासा-धापेवाडा, सेवाग्राम-पवनार, वैनगंगेवरचं आंभोरा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला. शहरातच राहायचं तर अंबाझरी, तेलंगखेडी, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा, महाराजबाग. आपण आधी ठिकाण ठरवतो आणि मग त्यात माणसं बसवतो. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं. आपल्यात सगळ्यांत हळू कोण चालतं, कोणाला दर दोन तासांनी बाथरूम लागतं, कोण उपाशी राहिलं की चिडतं, हे आधी मांडा. ठिकाण मग आपोआप ठरतं.

उन्हाशी पैज लावणं

एप्रिल-मेमध्ये नागपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, मे अखेरीस सुरू होणाऱ्या नऊ दिवसांच्या नवतपात त्याच्याही वर. हे माहीत असूनही "झाडं आहेत ना तिथे" म्हणत दुपारी बारा वाजता बाग गाठणारे लोक असतात. मे महिन्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. सिव्हिल लाइन्सच्या सावलीतल्या रस्त्यांवर किंवा अंबाझरीला चालायचं असेल तर साडेपाच ते साडेसात हीच वेळ. संध्याकाळी साडेसहाच्या आधी म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना बाहेर काढू नका, कारण सूर्य कलला तरी रस्ता आणि भिंती आग ओकतच असतात. खिशात कांदा ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण डोक्याला दुपट्टा आणि पोटात कैरीचं पन्हं हवंच.

हिवाळ्यातली चूक वेगळी. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे यात हमखास फसतात, कारण त्यांच्याकडे सहापर्यंत उजेड असतो. चार वाजता चहा, साडेचारला खिंडसीकडे प्रस्थान, असा बेत केला तर तलाव अंधारातच बघावा लागतो. हिवाळ्यात उजेडातला कार्यक्रम चारपर्यंत आटोपेल असा धरा. आणि पहाटे सफारीच्या उघड्या जिप्सीत बसायचं असेल तर एका जाड जॅकेटपेक्षा दोन-तीन पातळ कपडे आणि एक चादर बरी. सहाला दात वाजतात आणि दहाला घाम फुटतो, विदर्भाचा हिवाळाच असा आहे.

सुट्टीचा वारही बघा. गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय आणि अजब बंगला (मध्यवर्ती संग्रहालय) सोमवारी बंद असतात, ताडोबा मंगळवारी. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. "बघू तिथे जाऊन" म्हणून शंभर किलोमीटर गेल्यावर फाटकावरचा पहारेकरी काही ऐकत नसतो.

एका दिवसात पाच ठिकाणं

"आता एवढं आलोच आहोत तर..." या वाक्यानं जितक्या सहली बिघडल्या, तितक्या पावसानं बिघडल्या नसतील. रामटेकचा गड, कालिदास स्मारक, खिंडसी, मनसरचं उत्खनन, नगरधनचा किल्ला. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं आणि अंतरही खरंच फार नाही. पण प्रत्येक ठिकाणी गाडी लावणं, चपला काढणं, सगळ्यांना गोळा करणं, कोणाचा तरी चष्मा शोधणं यात प्रत्येकी अर्धा-पाऊण तास जातो. शेवटी प्रत्येक ठिकाणचा एकेक फोटो हाती लागतो, बसणं कुठेच होत नाही.

एक बघायचं ठिकाण आणि एक बसायचं ठिकाण, एवढं पुरतं. गड बघा, खिंडसीच्या काठी बसा. सेवाग्रामला १९३६ साली गांधीजी राहायला आले, तिथली बापू कुटी शांतपणे बघा, मग पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांच्या आश्रमाजवळ बसा. नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, असं अभ्यासक मानतात. तिथला किल्ला घाईत उरकण्यासारखा नाही. इतिहासाची आवड असलेल्या भाचीला घेऊन वेगळ्या दिवशी जा.

पुढे जाऊन वाट बघणारे बाबा

ही चूक इतकी नित्याची आहे की ती चूक वाटतच नाही. घरातले चपळ लोक भराभर पुढे जातात आणि वळणावर थांबतात. गुडघे दुखणारी आई हाशहुश करत तिथवर पोचते. ती पोचली की हे म्हणतात, "चला!" म्हणजे विश्रांती मिळाली ती ज्यांना गरज नव्हती त्यांना. आई मात्र एकदाही थांबली नाही, आणि पुढच्या वेळी "तुम्हीच जाऊन या रे, मी घर बघते" म्हणते. आपण म्हणतो, आईला फिरायची आवडच नाही.

उपाय साधा आहे. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि बाकीच्यांनी मागे राहा. विसाव्याची वेळ शेवटचा माणूस बसला की सुरू होते. चपळांना हे जड जातं, तेव्हा त्यांना पाण्याच्या बाटल्या आणि लहान पोट्ट्यांची जबाबदारी द्या. वेग आपोआप कमी होतो.

गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो. त्यामुळे "वर तर आरामात आल्या होत्या" हा युक्तिवाद उतरताना करू नका. रामटेकच्या गडाजवळ गाडी वरपर्यंत जाते. पायऱ्यांचा हट्ट ज्यांना असेल त्यांनी पायऱ्यांनी जावं, आजी गाडीनं जातील. श्रद्धा कमी पडत नाही.

आणि दर वेळी लांबच जायला हवं असं कुठे आहे? आजी-आजोबा आणि नातवंडं यांच्यासाठी नागपूर मेट्रोची फेरी हा भर मे महिन्यातला उत्तम कार्यक्रम आहे. गाडी थंडगार, स्टेशनावर लिफ्ट, सीताबर्डीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर बदलायचं, खिडकीतून ओळखीचंच शहर वरून बघायचं. नातू प्रत्येक स्टेशनाचं नाव ओरडतो, आजोबा "इथे आधी नुसतं शेत होतं" सांगतात. दोघांचाही वेळ छान जातो.

"आलंच!"

"कितीक दूर आहे आणखी?"
"हे काय, आलंच!"

गाडी चालवणारा हे पंचवीस किलोमीटर आधीपासून सांगत असतो. पोरांना फसवण्यापुरतं ठीक आहे, पण मागे बसलेल्या बाईला जेव्हा खरोखर थांबायचं असतं तेव्हा हा शब्द छळ होतो. मोकळेपणानं बोलू या. घरातल्या कितीतरी बायका सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण स्वच्छ बाथरूम कुठे मिळेल याचा भरवसा नसतो. उन्हात चालायचं, पाणी प्यायचं नाही, मग दुपारी डोकं धरतं. घरचे म्हणतात, हिला उन्हाचा त्रास होतो. खरा त्रास उन्हाचा नसतोच.

म्हणून निघण्याआधीच थांबे ठरवा आणि मोठ्यानं सांगून टाका. दर दीड-दोन तासांनी एक, चांगला पेट्रोल पंप किंवा मोठं हॉटेल बघून. कोणी मागितलं नाही तरी थांबायचं. मागावं लागणं हीच अडचण असते, विशेषतः नव्या सुनेला आणि सासऱ्यांसमोर संकोचणाऱ्या पाहुणीला. मधुमेह असलेल्या आजोबांनाही याच थांब्यांचा आधार होतो. एका पिशवीत पाण्याची बाटली, साबण, टिश्यू आणि सॅनिटरी पॅड ठेवा. समृद्धी महामार्गानं पुढे कुठे जाणार असाल तर थांबा आधीच घ्या, तिथे मध्येच कडेला गाडी उभी करणं धोक्याचं आहे. दुचाकी तर त्या रस्त्यावर चालतच नाही.

जेवण

सावजीचा झणझणीत रस्सा हा आपला अभिमान आहे, मान्य. पण दुपारी दोनला तो हाणून तीन वाजता लेकरांना घेऊन चालायला लावणं, ही शिक्षा आहे. सावजी परतल्यावर रात्री खा. सोबत डबाच बरा: तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, जवसाची चटणी, कच्चा चिवडा. हिवाळ्यात ओळखीच्या शेतावर हुरडा किंवा वांग्याचं भरीत आणि रोडगे जमले तर त्या दिवशी दुसरं काही बघायला जाऊच नका. मात्र संत्र्याच्या बागेत शिरताना मालकाला विचारा. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहराची फळं आणि फेब्रुवारी-मार्चात मृग बहराची झाडावर लगडलेली असतात, आणि "दोनच तर तोडली" म्हणणाऱ्यांच्या चार गाड्या रोज येत असतात.

रामटेकला वानरांपुढे पिशवी उघडून बसू नका. हातातला प्रसादही लपवून न्या. वानरानं पिशवी धरलीच तर ओढाओढ न करता सोडून द्या. पुऱ्या पुन्हा तळता येतात, चावल्यावर मात्र रेबीजच्या इंजेक्शनांसाठी दवाखान्याच्या फेऱ्या लागतात.

गाडी लागणाऱ्या मुलाला मागे बसवून हातात मोबाइल दिला की ओकारी ठरलेली. त्याला खिडकीपाशी बसवा, नजर दूर रस्त्यावर ठेवायला सांगा, निघताना पोट तुडुंब भरू नका, पण रिकामंही ठेवू नका.

पाणी दिसलं की उतरायचं

इथे गंमत नाही. तलावात, नदीत, पाणी साचलेल्या खदानीत बुडून गेलेल्या पोरांच्या बातम्या नागपूरकर दर पावसाळ्यात वाचतात. वरून पाणी संथ दिसतं, पण खाली गाळ असतो आणि खदानीत तर एका पावलात गुडघाभर पाण्याचं पुरुषभर होतं. पोहता येणंही गाळात कामी येत नाही. तेव्हा अनोळखी पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही, असा घराचा नियमच ठेवा. दहा वर्षांखालचं मूल काठावर हाताच्या अंतरावर हवं. दारूच्या बाटल्या घेऊन येणारा मित्र असेल तर त्याला पाण्याकाठच्या सहलीला बोलावूच नका.

कोणी पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे जातात ते असेच. दुपट्टा, दोरी, लांब काठी, रिकामी झाकणबंद कॅन, जे सापडेल ते फेका, ओरडून माणसं जमवा, ११२ वर फोन करा.

"तुला वाघ दाखवतो"

मुलांना हे वचन देऊन पेंचला किंवा कऱ्हांडल्याला नेऊ नका. वाघ कोणाच्या सुट्टीप्रमाणे बाहेर येत नाही. वाघ नाही दिसला की मूल हिरमुसतं आणि बाबा जिप्सीवाल्या भाऊंवर दबाव टाकू लागतात: अजून पुढे घ्या, जवळ घ्या. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात गोठणगाव भागात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाटच अडवली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या गाड्यांत कुटुंबंच असतील ना? मुलांना पक्षी, वाळवीची वारुळं, सांबराचा धोक्याचा आवाज ओळखायला शिकवा. मग वाघ दिसला तर ती वरकमाई.

बिघडलंच तर

कोणाला गरगरतंय, मळमळतंय, घाम सुटलाय, तर लगेच सावलीत बसवा, कपडे सैल करा, घोटघोट पाणी द्या. ओआरएसची पाकिटं नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. पण माणूस बरळायला लागला, अंग भाजल्यासारखं गरम लागलं, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा. तोंडात काही घालू नका, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. "थोडं पडू दे, बरं वाटेल" या वाक्याला तिथे जागा नाही.

गाडीतली भांडणं बहुतेक भुकेची असतात. विषय कोणताही असो, आधी खायला द्या.

अर्ध्यातून परत फिरणं हा कमीपणा समजू नका. एकाचा पाय मुरगळला, आभाळ भरून आलं, बाळ किरकिरतंय, तर खिंडसी पुढच्या महिन्यातही तिथेच असेल. "एवढं पेट्रोल जाळलं" हा हिशोब मांडत राहिलात तर दवाखान्याचा खर्च त्यात मिळवावा लागतो. रामटेकहून जबलपूरच्या रस्त्यानं परतताना ट्रकांची वर्दळ असते, तेव्हा अंधार पडायच्या आत शहराजवळ पोचलेलं बरं.

एक प्रश्न मात्र निघतानाच सोडवून ठेवा: रात्रीचं जेवण कोण करणार? सकाळी पाचला उठून ज्या बाईनं पुऱ्या तळल्या, तीच रात्री आठला कणीक मळत असेल तर सहल बाकीच्यांची झाली, तिची नाही. खिचडीचे डाळ-तांदूळ सकाळीच मोजून डब्यात ठेवा. परतल्यावर कुकर त्यानं लावायचा, जो येताना मागच्या सीटवर घोरत होता.