पदक मागण्याआधी डिस्चार्ज बुक उघडा

फौजेतल्या नोकरीचं मिळायचं राहिलेल्या पदकासाठी थेट दिल्लीला अर्ज धाडू नका. मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसात असते: मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावला, नौसैनिकांची मुंबईत मानखुर्दला. आधी डिस्चार्ज बुकातलं, म्हणजे निवृत्तीवेळी मिळालेल्या सेवेच्या नोंदींच्या पुस्तकातलं, पदकांचं पान आणि नाव नीट बघा. गोव्यात घोळ बहुधा नावातच. पोर्तुगीज जन्मदाखल्यात 'श'साठी एक्स लिहीत. आमच्या पेडण्याच्या काकांच्या 'शंकर'चं फौजेच्या कागदांत भलतंच काहीतरी झालं होतं. आधी प्रतिज्ञापत्र जोडून नाव दुरुस्त करून घ्या, मगच पदकाचं बोला. अर्जात सर्व्हिस नंबर, युनिट, तारखा हव्यातच. मूळ डिस्चार्ज बुक मात्र कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्सच द्या. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. अडलंच, तर पणजीचं सैनिक कल्याण कार्यालय आहे.