वजन चढवल्यावर शिडाची होडी किती खाली बसेल, हे कसे काढावे

चढवायच्या सामानाची वजनासकट यादी करा. पाणी लिटरला 1 किलो, डिझेल साधारण 0.84 किलो, नांगराची 8 मिलिमीटरची साखळी मीटरला सुमारे 1.4 किलो.

आता खरे काम. होडी पाण्याच्या पातळीवर किती जागा व्यापते? ‘लांबी गुणिले रुंदी’ असे सांगणारे धक्क्यावर पुष्कळ भेटतात. ऐकू नका. मी ऐकले होते. डेकवर टेप लावला: 9 मीटर लांब, 3 मीटर रुंद, म्हणजे 27 चौरस मीटर. त्या हिशेबाने 500 किलोला होडी दोन सेंटिमीटरही बसणार नव्हती. बसली चार. मोरीच्या पाइपाचे तोंड पाण्यापासून तीन सेंटिमीटर वर होते. ते बुडाले, आणि सकाळी पाहतो तर आत फळ्यांवर पाणी.

डेकचे माप इथे कामाचे नाही. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या भागाच्या, टोकावरून ओळंबा सोडा, पाण्यालगत दोरीपासून होडीपर्यंतचे आडवे अंतर मोजा. मागेही तसेच. दोन्ही अंतरे एकूण लांबीतून वजा करा. रुंदीही अशीच, पाण्यालगत जिथे सर्वात जास्त आहे तिथे. माझी 7.5 आणि 2.4 मीटर निघाली. गुणाकार 18. पण होडी म्हणजे चौकोनी हौद नव्हे, पुढे ती निमुळती होते, म्हणून 0.67 ने गुणा. बहुतेक शिडाच्या होड्यांना 0.65 ते 0.70 चालते. आले 12 चौरस मीटर. समुद्राचे पाणी घनमीटरला 1025 किलो, म्हणजे एका चौरस मीटरवरचा एक सेंटिमीटर जाडीचा थर 10.25 किलो. म्हणून 12 गुणिले 10.25: एक सेंटिमीटर बसायला 123 किलो.

सामानाच्या वजनाला या आकड्याने भागा.

हे उत्तर वजन मध्यावर असेल तरच खरे. साखळी नाळेत टाकलीत तर नाळ जास्त बसेल आणि मागची बाजू उचलेल.

पडताळा घ्याच. वारा पडलेला असताना सहा माणसे मध्यावर उभी करा आणि आधी-नंतर दोन्ही बाजूंना डेकच्या कडेपासून पाण्यापर्यंत मोजा. 420 किलोला माझी होडी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास बसते. लहान लाटांनी वाचन हलते, म्हणून पारदर्शक नळी होडीला लावून खालचे टोक पाण्यात बुडवा. आतले पाणी बरेच स्थिर राहते.

पावसाळ्यात खाडीत, गोड्या पाण्यात होडी आणखी थोडी बसते. चार टनांच्या माझ्या होडीला पूर्ण गोड्या पाण्यात सुमारे 0.8 सेंटिमीटर.